पळस फुलला, भोरड्या निघाल्या

पक्ष्यांचे स्थलांतर पाहायला समुद्रकिनाराच गाठावा लागतो, असे नाही. होळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, घाटंजी, राळेगावकडच्या एखाद्या धुऱ्यावर उजाडता उजाडता उभे राहिले तरी पुरते. पाने झडून केशरी झालेल्या पळसावर भोरड्यांचा थवा कलकलाट करत उतरतो. अंग गुलाबी; डोके, पंख, शेपटी काळी; मानेवर झुकलेला तुरा. हीच पळसमैना.

दुर्बीण एकाच पक्ष्यावर धरून ठेवावी. भोरडी वाकते, वाकड्या फुलात चोच खुपसते. त्या दाबाने होडीच्या आकाराची पाकळी सरकते, आतले पुंकेसर उघडे पडतात आणि पराग तिच्या डोक्या-गळ्याला लागतात. थोड्याच वेळात काळ्या पिसांवर पिवळी भुकटी दिसू लागते. तीच पुढच्या झाडावर पोचते. लाल रंग मधमाश्यांना नीट दिसत नाही, पक्ष्यांना मात्र दुरूनच खुणावतो. सालिम अलींनी 1932 मध्येच भारतातल्या फुलांच्या आणि पक्ष्यांच्या या नात्यावर सविस्तर लिहिले होते. शिंजीर, कोतवाल, सातभाईही येतात. पोपट मात्र फुलेच कुरतडतात.

मैनाकुळातल्या पक्ष्यांच्या आतड्यात सुक्रोज फोडणारे विकर जवळजवळ नसते. मधुरसातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र त्यांना थेट पचते. दिवस मोठा होऊ लागला की संप्रेरके बदलतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. ग्रॅमला ग्रॅम धरले तर चरबीत साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते.

परतीच्या प्रवासाला ही ऊर्जा लागतेच. कझाकस्तानातले अल्माटी यवतमाळच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे अडीच हजार किलोमीटरवर आहे. पण मध्ये हिमालय. म्हणून भोरड्या वायव्येकडून वळसा घालून मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत जातात. तिथे टोळ माजतात त्याच सुमारास, मे-जूनमध्ये, त्यांची पिल्ले होतात. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांवर उपाय म्हणून लोकांनी त्यांच्यासाठी दगडांची घरटी रचली आहेत. आपल्याकडे त्या ज्वारीवर उतरतात, म्हणून शेतकरी त्यांना हाकलतो. त्याचे चुकत नाही. पण याच भोरड्या रानातले नाकतोडे आणि अळ्याही टिपतात, हे हिशेबात धरायला हवे.

मला काळजी वाटते ती धुऱ्यावरच्या पळसाची. धुरे साफ करताना तो सर्रास तोडला जातो. तरी खोडातून आणि मुळांतून त्याला फुटवा येतो. त्यातला एखादा राखला, तर काही वर्षांत तो पुन्हा फुलावर येतो.