चरबी वितळवणारा तुकडा उंदरांपुरताच

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे वाढीचे संप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हार्मोन, मुलांची उंची वाढवून थांबत नाही. प्रौढ वयात ते साठलेल्या चरबीचे विघटनही घडवते. लठ्ठपणावर औषध शोधणाऱ्यांना या दुसऱ्या गुणाचा मोह न पडता तरच नवल. अडचण अशी, की हे संप्रेरक बाहेरून मोठ्या मात्रेत दिले, तर इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर वाढू लागते, अंगावर सूज येते. चरबी घालवताना मधुमेह ओढवून घेणे परवडणारे नव्हते.

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात फ्रँक एन्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठी सुबक युक्ती शोधली. हे संप्रेरक म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी. चरबीवरील परिणाम तिच्या शेवटच्या भागात असावा, असे प्रयोग सुचवत होते. मग तेवढेच शेपूट प्रयोगशाळेत का घडवू नये? १७७ ते १९१ या क्रमांकांची १५ आम्ले घेऊन त्यांच्या आरंभी टायरोसिन जोडण्यात आले आणि १६ आम्लांचे ‘एओडी-९६०४’ हे पेप्टाइड तयार झाले. मूळ संप्रेरक पेशीवरील ज्या रिसेप्टरला चिकटते, त्याला हा तुकडा चिकटत नाही. साहजिकच वाढीची यंत्रणा शांत राहते आणि साखरेचे संतुलनही ढळत नाही.

लठ्ठ उंदरांची चरबी त्याने खरोखरच घटली. मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महत्त्वाची खूण सापडली: ज्या उंदरांत बीटा-३ नावाचा रिसेप्टर जन्मतःच नव्हता, त्यांच्यावर दीर्घ उपचाराचा परिणाम झाला नाही. उंदरांच्या चरबीत हा रिसेप्टर मुबलक असतो. माणसांच्या चरबीत तो फारच थोडा. पुढील अपयशाचे मूळ येथे असणे शक्य आहे.

मेलबर्नच्या ‘मेटाबॉलिक फार्मास्युटिकल्स’ या कंपनीने हे पेप्टाइड गोळीच्या रूपात माणसांवर आजमावले. सुमारे ३०० जणांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत एका मात्रेचा निकाल आशादायक वाटला. खरी कसोटी त्यानंतरची होती: ५०० हून अधिक लठ्ठ व्यक्ती, २४ आठवडे. औषध घेणारे आणि नुसती बनावट गोळी घेणारे यांच्या वजनघटीत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीने लठ्ठपणावरील हे काम थांबवले. पेप्टाइड अपायकारक ठरले म्हणून नव्हे. त्या चाचण्यांत ते बरेच निरुपद्रवी दिसले होते. ते निरुपयोगी ठरले, इतकेच.

गोष्ट येथे संपायला हवी होती. २०१३ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील एसेंडन क्लबच्या पूरक द्रव्यांच्या प्रकरणात हेच नाव पुन्हा गाजले. कोणत्याही देशाच्या आरोग्य यंत्रणेने उपचारासाठी मान्यता न दिलेले द्रव्य, या कारणास्तव ते खेळाडूंना निषिद्ध असल्याचे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच वर्षी स्पष्ट केले.

आज ही पावडर छोट्या कुप्यांतून इंटरनेटवर विकली जाते. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते आणि घेणारा ती पाण्यात मिसळून पोटाच्या कातडीखाली टोचून घेतो. जाहिरातीत उंदरांचे आलेख असतात, २००७ चा निकाल नसतो. शिवाय मोठी चाचणी गोळीची होती, सुईची नव्हे. त्यामुळे टोचून घेण्याची मात्रा विक्रेता कशावरून सांगतो, हे त्यालाच विचारावे लागेल. कुपीतील द्रव्य खरोखर तेच आहे का, ते निर्जंतुक आहे का, याची हमीही कोणत्या औषध नियंत्रकाने दिलेली नसते.