शेकडा वाढ आणि शेकडा घट

शेकडेवारीचें गणित शाळेंत सर्वच शिकतात, परंतु वर्तमानपत्रांत "अमुक गोष्ट शेकडा वीस वाढली" असें वाचल्यावर "कशाच्या शेकड्यावर वीस?" असें विचारणारे थोडेच. वस्तुतः सर्व हिशेब या एका प्रश्नावर अवलंबून असतो. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रीत सोपी आहे. नव्या संख्येंतून मूळ संख्या वजा करावी, बाकीस मूळ संख्येनें भागावें आणि येणाऱ्या भागाकारास शंभरानें गुणावें. बाकी ऋण आल्यास ती घट समजावी. एखाद्या वस्तूची किंमत ५० रुपयांवरून ६० रुपये झाली, तर वाढ १० रुपये, म्हणजे शेकडा २०. तीच किंमत पुनः ६० वरून ५० वर आली, तर घट मात्र शेकडा २० नव्हे. कारण आतां मूळ संख्या ६० आहे, आणि घट शेकडा १६⅔ भरते. रुपये तेच दहा. पण पाया बदलला कीं शेकडा बदलतो.

आतां आपल्या परभणी जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. शिरगणतीप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १५,२७,७१५ होती. ती २०११ सालीं १८,३६,०८६ झाली. वाढ ३,०८,३७१, म्हणजे शेकडा सुमारें २०.२.

हीच रीत त्यामागील दहा वर्षांस लावून पाहूं. १९९१ सालीं परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१,१७,०३५ होती. तींतून २००१ सालची संख्या वजा जातां ५,८९,३२० ची घट येते. ती शेकडा सुमारें २७.८ होय! केवळ हा आंकडा वाचणारास वाटेल कीं, जिल्ह्यावर एखादा भयंकर दुष्काळ किंवा रोगराई कोसळली असावी. भागाकारांत चूक मुळींच नाहीं, तरी निष्कर्ष साफ खोटा आहे. खरी गोष्ट अशी कीं, १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली हा वेगळा जिल्हा निघाला. माणसें नाहींशीं झालीं नाहींत, जिल्ह्याची सीमा तेवढी बदलली. तेव्हां तुलना करावयाची तर २००१ च्या संख्येंत हिंगोलीचे ९,८७,१६० लोक मिळविले पाहिजेत. मग बेरीज २५,१४,८७५ होते, आणि घटीच्या जागीं शेकडा सुमारें १८.८ वाढ दिसूं लागते.

दुसरी एक फसगत साक्षरतेच्या आंकड्यांत होते. सात वर्षें व त्यांवरील वयाच्या लोकांत साक्षरांचें प्रमाण या जिल्ह्यांत २००१ सालीं शेकडा सुमारें ६६ होतें. तें २०११ सालीं सुमारें ७३ झालें. म्हणजे दर शंभर माणसांमागें सात साक्षर अधिक झाले. परंतु ६६ हा पाया धरून त्या प्रमाणाचीच वाढ काढिली, तर ती शेकडा सुमारें ११ येते. दोन्ही विधानें खरीं आहेत. मात्र आपण कोणतें करीत आहों, हें बोलणारानें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांनीं उत्तर काढण्यापूर्वीं, आणि पालकांनीं बाजारभाव, व्याज किंवा मुलाचे गुण यांची वाढघट ऐकतांना, दोन गोष्टी अवश्य पाहाव्या : मूळ संख्या कोणती, आणि दोन्ही वेळां मोजलेली वस्तु एकच आहे काय? खोट्या तराजूनें जशी गिऱ्हाइकाची फसवणूक होते, तशीच चुकीच्या पायावर काढलेल्या शेकड्यानें वाचकाची होते. आणि येथें तर तराजू आपल्याच हातीं असतो.