नोकरीचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी

मुलाला नोकरी लागली की घरी पेढे येतात. कागदपत्रांची आठवण मात्र कोणास होत नाही. दाखल्यावर ‘शेख’, आधार कार्डावर ‘शेक’, एवढ्या एका अक्षरापायी आमच्या एका विद्यार्थ्याचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अडून राहिले. या निधीसाठी मूळ पगार व महागाई भत्ता यांतून सामान्यतः १२ टक्के कापले जातात. २०१४ पासून सभासदास १२ अंकी क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. म्हणून रुजू होण्यापूर्वीच दाखला, आधार कार्ड व बँकेचे पासबुक शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून पाहावी. नेमणूकपत्र वाचून मगच सही करावी. रुजू होताच वारसाची नोंद करावी. एवढे केल्यावर पेढे अधिकच गोड लागतील, असे आम्हांस वाटते.