सातारा-सांगलीच्या नकाशावरून काढलेली सिनेमांची यादी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'तर मग' काढलेत, मधे वाजलेली कुकरची शिट्टीही गाळलीय. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न नेहमीचाच: जुने-नवे मिसळून चांगले सिनेमे सांग, पण तेच तेच दहा नकोत. आता 'तेच तेच दहा' का येतात, ते आधी बघू. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळं हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

ॲप तुम्हाला जे सुचवतं, ते सिनेमा बघून नाही सुचवत. ते माणसं बघतं. तुमच्यासारखीच आवड दाखवणाऱ्या हजारो लोकांनी पुढं काय बघितलं, ते तुमच्यासमोर ठेवतं. या पद्धतीत गोम अशी, की ज्या सिनेमाला आधीच प्रेक्षक कमी, त्याच्याबद्दल माहिती कमी. माहिती कमी म्हणून तो सुचवला जात नाही, आणि सुचवला जात नाही म्हणून प्रेक्षक वाढत नाहीत. १९३७ चा सिनेमा या चक्रात कुठून शिरणार? त्यात कोणी तो चुकून लावला आणि दहाव्या मिनिटाला बंद केला, की ती नापसंतीची खूण धरली जाऊ शकते.

दुसरी गोष्ट लेबलांची. सिनेमाच्या माहितीत कथानक जिथं घडतं ते ठिकाण लिहिलेलं असतं. आणि इथं आपल्या दोन जिल्ह्यांची मजाच आहे. आपण पडद्यावर सारखे दिसतो, पण दुसऱ्याच्या नावानं. 'गंगाजल'मधलं बिहार, 'दबंग'मधलं उत्तर प्रदेश, 'चेन्नई एक्स्प्रेस'मधलं तमिळ गाव, या सगळ्यांत आपली वाई आहे. घाट तोच, देवळं तीच, फक्त पाट्या बदलल्या. सातारा म्हणून शोधलं तर यातलं काही सापडेलच असं नाही.

म्हणून आज यादी नकाशावरून करू. सातारा आणि सांगली समोर ठेवायचे आणि इथून कुठले सिनेमे निघतात ते बघायचं.

सुरुवात सगळ्यांनी बघितलेल्या सिनेमापासून. 'स्वदेस', २००४, आशुतोष गोवारीकर. नासामधला मोहन भार्गव ज्या चरणपुरात येतो, ते गाव कथेत उत्तर प्रदेशातलं. चित्रीकरण मात्र वाईजवळच्या मेणवलीतलं, कृष्णेच्या काठी, जिथं नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. मोहन नासात काय करतो, आठवतंय? पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पावर असतो. तो प्रकल्प खरा होता, आणि त्याचा मुख्य उपग्रह २०१४ मध्ये, म्हणजे सिनेमानंतर दहा वर्षांनी, वर गेला. आता हा माणूस जिथं उभा करून दाखवलाय तो जिल्हा बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. पाऊस मोजायला यापेक्षा चांगली जागा कुठली!

परदेशातून इंजिनियर येतो आणि एका कोरड्या मुलखात काहीतरी उभं करतो, ही गोष्ट आपल्याकडं खरंच घडलेली आहे, आणि ती फार कमी जणांना माहितीय. त्यासाठी औंधला जावं लागेल.

औंध आज खटाव तालुक्यात. तेव्हा ते संस्थान होतं, आणि संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला: इकडं औंध, तिकडं कुंडल, पलीकडं आटपाडी. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे. १९३८-३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता सोडून लोकांच्या पंचायतींकडं कारभार द्यायचा ठरवला, गांधीजींच्या सल्ल्यानं त्याची घटना तयार झाली. ती घडवण्यात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा विद्युत अभियंता होता. बंगळूरला सरकारी कारखाना चालवायला आलेला हा माणूस गांधीजींच्या प्रभावाखाली औंधात येऊन राहिला. (याच फ्रीडमननी पुढं मुंबईत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणली. एकाच माणसाच्या आयुष्यात किती सिनेमे असावेत!)

तर त्या काळात आटपाडीजवळ एक प्रयोग झाला. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता माळावर मोकळं ठेवायचं, शेती करू द्यायची, बायकापोरांसह राहू द्यायचं. त्या वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. ती आजही आहे, आता सांगली जिल्ह्यात.

हे ऐकून एखादा सिनेमा आठवला का? 'दो आँखें बारह हाथ', १९५७, व्ही. शांताराम. एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमीन कसायला निघतो. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, म्हणजे औंध संस्थानच्याच प्रजेतले. सिनेमाला त्या वर्षीचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. आणि एवढं होऊनही 'हा आमच्या आटपाडीचा सिनेमा' असं म्हणणारं माणूस मला क्वचित भेटतं. कारण सिनेमात आटपाडीचं नाव नाही. मेणवलीची जमीन घेतली पण नाव घेतलं नाही, आटपाडीची गोष्ट घेतली पण नाव घेतलं नाही. 'स्वदेस' आणि 'दो आँखें' लागोपाठच्या दोन रात्री बघा. दोन्हींत बाहेरून आलेला माणूस आहे, दोन्हींत पाणी आणि माती आहे. माझं मत विचाराल तर जुना सिनेमा जास्त धीट आहे. मोहनला गावानं फार तर नाकारलं असतं, त्या जेलरची नोकरी आणि जीव दोन्ही टांगणीला आहेत.

आता ज्या सिनेमात हा मुलूख दुसऱ्या कुणाचं सोंग घेत नाही, तो. 'बनगरवाडी', १९९५, अमोल पालेकर. कादंबरी १९५५ ची, गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांची. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. पोरं मेंढरांमागं गेलेली, शाळेत कोण येणार? हळूहळू मास्तर त्या माणसांचा होतो, पत्रं लिहून देतो, भांडणं सोडवतो. सगळी वस्ती मिळून तालीम बांधते आणि उद्घाटनाला राजा येतो. हा राजा कुणावरून घेतलाय, ते आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि मग पाऊस पाठ फिरवतो.

'बनगरवाडी' बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: यात खलनायक नाही. 'काहीतरी घडेल' म्हणून वाट बघत बसलात तर पहिला अर्धा तास जड जाईल. यात जे घडतं ते माणसांच्या येण्याजाण्यात घडतं. माणदेशातनं आजही माणसं बाहेर पडतात, पूर्वी मेंढरं घेऊन चाऱ्याला, मग मुंबईच्या गिरणीत, गलाईच्या धंद्यात देशभर, आणि आता लॅपटॉपची बॅग घेऊन हिंजवडीला. आमच्या ऑफिसात आटपाडी-दहिवडीकडची पोरं आहेत. 'आमच्याकडं काय आहे, नुसता माळ' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. त्यांना मी आधी 'दो आँखें' सांगतो आणि मग 'बनगरवाडी'. सिनेमाला मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार आहे, पण तो सांगून कुणी बघत नाही. 'तुझ्या तालुक्याच्या लेखकाचा आहे' म्हटलं की बघतात.

पूर्वेकडनं जरा उसाच्या पट्ट्यात येऊ. इथं पाणी आहे, साखर आहे, सत्ता आहे. त्यासाठी 'सामना'. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखाना आणि सगळं गाव मुठीत असलेला माणूस. त्याच्या दारात एक दारुडा म्हातारा मास्तर येऊन पडतो. हा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, जन्मानं साताऱ्याचे. मारुती कांबळेचं पुढं काय झालं, एवढा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो. यात गाव कुठलं ते कुणी सांगत नाही, पण कराडपासून इस्लामपूरपर्यंत कुठंही लावा, प्रेक्षक नावं घेतील. मी सल्ला देईन की नावं घेऊ नका, निळूभाऊंचं हसणं बघा. हिंदुराव मास्तरावर चिडत नाही, त्याला पाहुण्यासारखं सांभाळतो. भीती तिथं आहे.

याच्या जोडीला 'देऊळ', २०११, उमेश कुलकर्णी. मंगरूळ गावात केशाला उंबराखाली दत्त दिसतो आणि पुढाऱ्यांना त्यात गावाचा विकास दिसतो. गावात हॉस्पिटल व्हावं म्हणून धडपडणारे अण्णा बाजूला पडतात. 'सामना'मध्ये सत्ता प्रश्न दाबते, 'देऊळ'मध्ये ती प्रश्नाला हार घालून बसवते. आधी 'देऊळ' बघा, हसत हसत बघून होतो. मग 'सामना' लावा. क्रम उलटा केला तर 'देऊळ' उगाच हलका वाटेल, आणि तो हलका नाही.

तमाशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा भाग करायचाय. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव कुलकर्णीपण सोडून फडात गेले, एवढं लक्षात ठेवून 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'नटरंग' (२०१०) बघा. 'सांगत्ये ऐका' आवडला तर श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (१९७७) पण. त्याच नावाच्या हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर तो आधारलाय, आणि त्यात स्मिता पाटील आहे. पुढं.

आता ज्यासाठी हा सगळा भाग केला, ते. ना. ह. आपटे हे नाव किती जणांनी ऐकलंय? सांगलीजवळच्या समडोळीत जन्मलेले, साताऱ्यातल्या कोरेगावात राहून कादंबऱ्या लिहिणारे. यांच्या कथांवर दोन महत्त्वाचे सिनेमे झाले. पहिला 'सावकारी पाश', १९२५, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा मूकपट. सावकाराच्या कचाट्यात जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी गोष्ट. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देवादिकांचे सिनेमे निघत होते त्या काळात हे धाडस. पण तुम्ही तो बघू शकत नाही. मीही नाही. त्या मूकपटाची प्रत उरलेली नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये तो पुन्हा बोलपट म्हणून केला, पण १९२५ चा तो गेला तो गेलाच. आपल्या जमिनीचा, आपल्या लेखकाचा, शंभर वर्षांपूर्वीचा सिनेमा, आणि आज आपण त्याचं फक्त वर्णन वाचू शकतो.

दुसरा उरलाय. 'कुंकू', १९३७, प्रभात. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर, दिग्दर्शन शांतारामांचं. नीराचा मामा तिचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावतो. आणि नीरा ते लग्न मान्य करत नाही, बस्स. रडून नाही, पळून नाही. त्याच घरात राहून ती नाही म्हणते. शांता आपटेंचा तो आवाज आणि ती नजर आजही अंगावर येते. इंजिनियर म्हणून मला यातलं ध्वनीचं काम थक्क करतं. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे टोले, ग्रामोफोन, घरातले आवाज, यांवरच सगळं उभं केलंय. म्हणून हा मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा. प्रत जुनी आहे, खरखर आहे, पण दहा मिनिटांत कान सरावतो. आणि म्हाताऱ्या नवऱ्याकडं नीट बघा. केशवराव दात्यांनी त्याला राक्षस केलेलं नाही, आणि तेच जास्त बोचतं.

याच्या जोडीला जयंत सोमलकरांचा 'स्थळ'. २०२३ मध्ये टोरोंटोत पुरस्कार, २०२५ मध्ये आपल्याकडं थेटरात. हा आपल्या भागातला नाही, विदर्भातला आहे, चंद्रपूरकडचा, तिथलीच माणसं घेऊन केलेला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची शिकणारी पोरगी, आणि तिला बघायला येणारी एकेक मंडळी: नाव काय, उंची किती, शेतीकाम येतं का. 'कुंकू' ते 'स्थळ', अठ्ठ्याऐंशी वर्षं. नीराला कुणी विचारलं नव्हतं. सविताला प्रश्न खूप विचारतात, फक्त तिचं म्हणणं विचारत नाहीत. हे दोन शक्यतो घरच्यांबरोबर बघा. आजी असेल तर 'कुंकू'ला तिला शेजारी बसवा आणि मधे बोलली तर बोलू द्या.

सिनेमा शोधताना नाव देवनागरीत टाका आणि सोबत दिग्दर्शकाचं नाव द्या, नाहीतर त्याच नावाच्या मालिका येतात. मिळाला की शेवटपर्यंत बघा, अर्ध्यात सोडायचाच असेल तर निदान अर्ध्या तासानंतर सोडा. तुमच्या त्या एका पूर्ण बघण्यानं यंत्राला 'कुंकू' नावाचं काहीतरी आहे एवढं तरी कळतं, आणि पुढच्या माणसाच्या पडद्यावर ते यायची शक्यता जराशी वाढते.

पुढच्या भागात तमाशापट. खानापूर-तासगाव भागातल्या फडांबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं काही असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, लिहून नको.