गाडी चिखलातून काढणार कोण? ट्रॅक्शन कंट्रोल की डिफरन्शिअल लॉक

चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी गाडी घेतली, की चिखल, वाळू आणि दगडगोट्यांची चिंता मिटली, असा एक सर्वसाधारण समज आहे. अनेकदा पहिल्याच पावसाळ्यात तो खोटा ठरतो. एक पुढचे आणि एक मागचे चाक चिखलात गरगर फिरत राहते, उरलेली दोन चाके घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म हलत नाहीत आणि लाखो रुपयांची गाडी जवळच्या गावातून ट्रॅक्टर येण्याची वाट पाहत उभी राहते. गंमत अशी, की तिला ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या पायाजवळ बहुधा एक छोटेसे पेडल असते. ते डिफरन्शिअल लॉकचे. नांगरटीच्या वेळी एक चाक घसरू लागले, की शेतकरी ते टाचेने दाबतो आणि पुढे निघतो.

हीच सोय मोटारीत द्यायची, की तिचे काम संगणक आणि ब्रेक यांच्यावर सोपवायचे, हा वाद जगभरातील वाहन अभियंत्यांमध्ये गेली तीन दशके चालू आहे. भारतीय बाजारात आता दोन्ही पद्धतींच्या गाड्या उपलब्ध असल्याने तो ग्राहकाच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. विक्रीच्या माहितीपत्रकात दोन्हींचे वर्णन जवळजवळ सारख्याच शब्दांत केलेले असते. प्रत्यक्षात दोन्हींचे काम, मर्यादा आणि धोके वेगळे आहेत.

गुण तोच, दोषही तोच

या वादाचे मूळ डिफरन्शिअल या भागात आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर पूर्ण वर्तुळ फिरताना बाहेरचे चाक सुमारे ९.४ मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर टायर रस्त्यावर घासले गेले असते. फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी जुळणी योजली, तिने ही अडचण सोडविली. दोन्ही चाकांना शक्ती मिळते आणि तरीही ती वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात.

मात्र, या सोयीची एक किंमत आहे. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी समान टॉर्क, म्हणजे चाक फिरविणारा समान पीळ, देते. ज्या चाकाची पकड कमी, त्याच्या कुवतीवर दुसऱ्याचाही वाटा ठरतो. डावे चाक निसरड्या चिखलात असून ते फक्त १०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकत असेल, तर कोरड्या खडकावरच्या उजव्या चाकालाही तेवढाच मिळणार. मग त्याची कुवत त्याच्या दहापट का असेना! अॅक्सिलरेटर दाबला, तर डावे चाक अधिक वेगाने फिरेल, इतकेच.

‘फोर व्हील ड्राइव्ह’चा दांडा ओढल्यावर सर्वसाधारणपणे पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना जोडला जातो. परंतु, प्रत्येक अॅक्सलच्या पोटातील डिफरन्शिअल मोकळेच राहते. त्यामुळे खाचखळग्यात एक पुढचे आणि त्याच्या तिरप्या रेषेतील एक मागचे चाक अधांतरी झाले, की चारचाकी शक्तीची गाडीही जागच्या जागी थांबते.

लोखंडी कुलूप

यावरील जुना आणि सरळ उपाय म्हणजे डिफरन्शिअलला कुलूप घालणे. दातेरी कडे सरकवून दोन्ही बाजूंचे अर्धे अॅक्सल एकमेकांशी जखडले जातात. ते सरकविण्यासाठी तार, हवेचा दाब किंवा विद्युतचुंबक वापरण्यात येतो. एकदा लॉक बसला, की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि ज्या चाकाला पकड आहे, ते लागेल तेवढा टॉर्क खेचून घेते. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या मर्सिडीजच्या ‘जी’ श्रेणीने पुढचा, मधला आणि मागचा असे तीनही लॉक हीच आपली ओळख बनविली.

या पद्धतीचे मोठे बळ म्हणजे ती आगाऊ वापरता येते. समोर खडकाळ चढ दिसला, की चालक आधीच लॉक लावतो. चाक घसरण्याची वाट पाहावी लागत नाही. गाडी अगदी सावकाश, जमीन न उकरता वर चढते.

अर्थात, कुलूप लावले की डिफरन्शिअलचा मूळ गुणही नाहीसा होतो. गाडी वळायला नाखूश होते. पुढचा लॉक लावला असेल, तर स्टिअरिंग फारच जड होते. डांबरी रस्त्यावर लॉक चालू राहिला, तर टायर घासतात आणि अॅक्सलवर ताण येतो. शिवाय, सगळा टॉर्क एकाच चाकाकडे जाऊ शकत असल्याने अर्धे अॅक्सल तेवढे भक्कम असावे लागतात.

ब्रेकची युक्ती

दुसरा उपाय नव्वदच्या दशकात पुढे आला. ब्रेक लावताना चाके जखडू नयेत, यासाठी असलेल्या एबीएस यंत्रणेत प्रत्येक चाकाची गती मोजणारा संवेदक असतोच. एक चाक दुसऱ्यापेक्षा भलतेच वेगाने फिरताना दिसले, की संगणक फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. डिफरन्शिअलला या ब्रेकचा विरोध म्हणजे जणू जमिनीची पकडच वाटते आणि तेवढाच जादा टॉर्क तो दुसऱ्या बाजूला धाडतो. दोष तोच, पण त्याचाच उपयोग करून घेतलेला!

मात्र, या युक्तीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. वरील उदाहरणात चिखलातल्या चाकावर ९०० न्यूटन-मीटरचा ब्रेक लागला, तर त्या बाजूला एकूण १,००० न्यूटन-मीटर टॉर्क जातो आणि दुसऱ्या चाकालाही १,००० मिळतो. अॅक्सलकडे मात्र २,००० न्यूटन-मीटर पोहोचवावे लागतात. त्यातील ९०० ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन वाया जातात. लॉक असलेल्या गाडीला जमिनीवर तेवढाच जोर देण्यासाठी १,१०० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजेच, ब्रेकवर चालणाऱ्या यंत्रणेला तोच चढ चढताना इंजिनाकडून जवळजवळ दुप्पट काम करून घ्यावे लागते. छोट्या इंजिनाच्या गाडीत ‘लो रेंज’ गिअर नसेल, तर हा भार फार जाणवतो. ब्रेक प्रमाणाबाहेर तापले, तर त्यांच्या रक्षणासाठी अनेक गाड्यांमध्ये ही यंत्रणा काही काळ आपोआप बंद होते. आणि नेमकी तीच गरजेची वेळ असू शकते.

आणखी एक मर्यादा मुळातली आहे. चाक घसरल्याशिवाय संगणकाला काही कळत नाही. घसरण अर्ध्या सेकंदाची असली, तरी मऊ वाळूत तेवढ्यात चाक स्वतःसाठी खड्डा खणू शकते.

काढून टाकलेला लॉक परत आला

संगणकावर किती विसंबावे, याचा धडा ब्रिटनच्या लँड रोव्हर कंपनीने स्वतःच्या ग्राहकांकडून घेतला. १९९३ च्या सुमारास रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल देणारी ही कंपनी या क्षेत्रातील अग्रणी होती. १९९८ मध्ये आलेल्या ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या आवृत्तीत तिने पुढच्या व मागच्या अॅक्सलमधील मधला लॉक चालकाच्या हातातून काढून घेतला. ब्रेक सगळे सांभाळतील, अशी अपेक्षा होती. आडवाटांवर गाडी नेणाऱ्या ग्राहकांना ते रुचले नाही आणि २००३-०४ च्या सुमारास तो लॉक परत देण्यात आला. २००४ मध्ये आलेल्या ‘डिस्कव्हरी ३’मध्ये कंपनीने वाद मिटविण्याचा मार्ग दाखविला. तेथे ‘टेरेन रिस्पॉन्स’ ही संगणकप्रणाली आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नियंत्रित होणारे डिफरन्शिअल लॉक एकत्र काम करू लागले. २००८ मध्ये ही कंपनी टाटा मोटर्सच्या मालकीची झाली.

भारतीय रस्त्यांवर काय?

भारतात १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीने डोंगराळ भाग आणि लष्कराची छावणी दोन्ही गाजविली. तिची डिफरन्शिअल साधीच होती. हलके वजन आणि चालकाचे कसब एवढ्यावर तिचे काम भागे. तिचा वारसा सांगणारी जिम्नी २०२३ मध्ये भारतात दाखल झाली. तिच्यातही यांत्रिक लॉक नाही. घसरत्या चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा आणि लो रेंज गिअर यांवर ती विसंबते. वजन सुमारे १,२०० किलो असल्याने अनेक ठिकाणी ते पुरेसे ठरते.

दुसऱ्या टोकाला फोर्स मोटर्स या पुण्याच्या कंपनीची गुरखा आहे. तिच्यात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अॅक्सलना चालकाने स्वतः लावायचे यांत्रिक लॉक आहेत. महिंद्राने मधला मार्ग निवडला. २०१५ च्या थारमध्ये मागच्या अॅक्सलवर ईटन कंपनीचा यांत्रिक लॉक आला. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. या लॉकला ना दांडा असतो, ना बटण. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की आतील फिरती वजने झेप घेऊन तो स्वतःच बसवितात. म्हणजे यांत्रिक असूनही त्याला आधी थोडी घसरण लागतेच. २०२० च्या थारमध्ये प्रकारानुसार यांत्रिक लॉक आणि ब्रेकवर चालणारी यंत्रणा अशा दोन्ही सोयी पाहायला मिळाल्या, तर २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या चारचाकी शक्तीच्या आवृत्त्यांमध्ये मागचा लॉक बटणाने लावता येतो.

ब्रेकवर चालणारी यंत्रणा इतक्या वेगाने पसरण्यामागे अर्थकारणही आहे. भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून सर्व मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. संवेदक आणि नियंत्रक आधीच बसविलेले असताना त्यावर आणखी एक काम सोपविणे कंपनीला फारसे महाग पडत नाही. लोखंडी लॉकसाठी मात्र वेगळे सुटे भाग आणि भक्कम अॅक्सल लागतात.

लॉकही दगा देतो

तरीही लॉक असलेली गाडी अधिक सुरक्षित, असा सरसकट निष्कर्ष चुकीचा ठरेल. सह्याद्रीतील एखाद्या निसरड्या, एका बाजूला उतार असलेल्या वाटेची कल्पना करावी. मोकळ्या डिफरन्शिअलच्या गाडीत एक चाक घसरले, तरी दुसरे बहुधा जमीन धरून राहते आणि गाडी आडवी सरकण्यापासून वाचते. लॉक लावलेला असेल, तर दोन्ही चाके एकदम घसरू शकतात आणि गाडीचा तो भाग उताराकडे, म्हणजे दरीकडे, सरकू लागतो. ओल्या कातळावरील बाजूच्या उतारावर किंवा तीव्र वळणावर लॉक काढून ठेवणेच शहाणपणाचे. अशा जागी संगणकाचे ब्रेक अधिक सौम्यपणे आणि सेकंदाला अनेक वेळा दुरुस्ती करीत काम करतात. चालक नवखा असेल, तर त्याने विसरू नये अशी गोष्टही एकच उरते : लॉक काढण्याची आठवण ठेवावी लागत नाही.

चालकाची सवयही बदलावी लागते. ब्रेकवर चालणाऱ्या यंत्रणेत चाक घसरताच घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, तर संगणकाला काम करायला वावच राहत नाही. पाय हलका पण स्थिर ठेवावा लागतो. लॉकच्या गाडीत उलट जितके सावकाश, तितके चांगले. मऊ वाळूत इंजिनाची शक्ती कमी करणारी स्थिरता प्रणाली अडथळा ठरू शकते. त्यामुळे अनेक गाड्यांमध्ये ती बंद करण्यासाठी वेगळे बटण असते. ते कशासाठी आहे, हे माहितीपुस्तिकेत वाचून ठेवणे हिताचे. गोव्यात तर समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यासच बंदी आहे, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

खरेदीपूर्वीचे तीन प्रश्न

गाडी घेताना ‘लॉक आहे का’ एवढे विचारून भागत नाही. तो लोखंडी आहे की ब्रेकचा? कोणत्या अॅक्सलवर आहे? चालकाने लावायचा की आपोआप लागणारा? या तीन उत्तरांतून गाडीची खरी कुवत कळते. वर्षातून दोनदा शेतघराच्या कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या कुटुंबाला चांगले टायर, लो रेंज गिअर आणि ब्रेकवर चालणारी यंत्रणा पुरेशी ठरते. नियमितपणे खडकाळ चढ, ओढे आणि खोल चाकोऱ्या पार कराव्या लागणाऱ्यांनी मात्र निदान मागचा यांत्रिक लॉक असलेली गाडी निवडावी. लॉक आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही असल्यास उत्तमच.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या वादाला नवे वळण दिले आहे. २०२४ मध्ये सादर झालेल्या मर्सिडीजच्या विद्युत ‘जी’ श्रेणीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. तीन लोखंडी लॉकसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गाडीत आता लॉकचे काम मोटारींचा टॉर्क नियंत्रित करून साधले जाते. तेथे शक्ती ब्रेकमध्ये जाळावी लागत नाही आणि चाके जखडावीही लागत नाहीत. तथापि, लोखंड असो, ब्रेक असो वा वीज. या यंत्रणा शक्तीची वाटणी करतात, पकड निर्माण करीत नाहीत. ती टायर आणि जमीन यांच्यातच असते. गुळगुळीत झालेल्या टायरवर कोणतेच बटण कामाला येत नाही.