हळदीचं शाळेचं वर्ष

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हीच हळद आपण शाळेच्या अंगणात लावून पाहू. जूनमध्ये कोंब आलेलं बेणं मातीत पुरायचं. पावसाळ्यात रुंद पानं उन्हाच्या मदतीनं अन्न तयार करतात. ते जमिनीखालच्या कंदात साठत जातं. हा कंद म्हणजे मूळ नव्हे, खोड. त्यावरची पेरं आणि डोळे मुलांना शोधू द्या.

थंडी सरता सरता पानं पिवळी पडून वाळतात. ‘झाड मेलं’ म्हणून मुलं हिरमुसतील. पण पानांतलं अन्न तेव्हा कंदात उतरत असतं. घाईनं उकरलं, तर हाती कोवळे, पाणचट कंद येतात. आठ-नऊ महिने थांबायलाच हवं. निघालेल्या कंदांतले काही पुढच्या जूनसाठी राखून ठेवू.