केशवपन आणि केमोथेरपी

केमोथेरपीत केस का गळतात, याचे वैद्यकीय उत्तर सरळ आहे. डोक्यावरचे सुमारे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यांच्या मुळाशी पेशी झपाट्याने विभागत असतात. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारखी औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर त्यांनाही गाठतात. दोन-तीन आठवड्यांत केस हातात येऊ लागतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते बहुधा परत उगवतात.

मग एवढे दुःख कशाचे? स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेताना 'जिवापुढे केसांचं काय!' हे मी पुष्कळदा ऐकले. त्याचे उत्तर मला आपल्या सामाजिक इतिहासात सापडले.

आपल्याकडे मुंडण ही कधीच खासगी बाब नव्हती. बाळाचे जावळ, वडील गेल्यावर मुलाने करायचे क्षौर, तिरुपतीचा नवस, या प्रत्येक प्रसंगाला कारण आहे, विधी आहे. स्त्रीचे मुंडण मात्र प्रामुख्याने वैधव्याशी जोडले गेले. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत विधवेचे केशवपन सक्तीने होई. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. पुढे प्रथा गेली. 'बोडकी' हा शब्द मात्र राहिला. माझे डोके उघडे पाहून मावशी हळूच म्हणाली, "कुंकू जरा मोठं लाव गं." नवरा शेजारीच बसला होता!

केमोने जाणाऱ्या केसांना ना विधी, ना मुहूर्त. ते उशीवर, न्हाणीच्या जाळीत सापडतात. पाठोपाठ भुवया, पापण्याही विरळ होतात आणि आजार चेहऱ्यावर येतो. कोणाला सांगायचे, कोणाला नाही, हे ठरवणे आपल्या हाती उरत नाही. माझ्या मते खरी हानी ही आहे. सौंदर्याचा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणूनच अनेक जणी गळती सुरू होताच स्वतःहून केस काढून घेतात. मीही घेतले. कापले तर संसर्गाची भीती, म्हणून वस्तऱ्याऐवजी मशीन फिरवले. केशवपनात बाईला कोणी विचारत नसे. इथे निदान दिवस मी ठरवला. पुढे विग, रुमाल की उघडे डोके, हेही तिलाच ठरवू द्यावे. 'येतील गं परत' म्हणण्यापूर्वी 'तुला कसं बरं वाटेल?' एवढे विचारावे.